मशीनचा कान

४ मार्च, सोमवार

नॉब काढून टाकला! पार काढून टाकला!

आज कपडे धुण्याचं नवं मशीन घरी आलं. कंपनीची पद्धतच आहे — माहितीपुस्तिका लिहायची, तर लिहिणाऱ्याने ती वस्तू आधी महिनाभर स्वतःच्या घरी वापरायची. सत्तावीस वर्षं मी हेच करते. इस्त्र्या, पंखे, मिक्सर, सगळे आधी माझ्याकडे नांदले आणि मग दुकानात गेले. आजच्या पाहुण्याला समोरून नुसती काळी काच आहे. नॉब नाही, बटण नाही, खाच नाही. हात लावला की दिवे उगवतात, काढला की मावळतात.

जुनं मशीन त्याच गाडीतून गेलं. एकोणीस वर्षांचं होतं. नवरोबांना नेमका तेव्हाच साफसफाईचा झटका आला. "गाडी आलीच आहे तर" म्हणून टेबलावरचा बटणांचा फोनसुद्धा देऊन टाकला. लाइन बंद करायचीच होती म्हणे. आईसाठी मोबाइल आणलाय ना नवा!

सासूबाई मशीनजवळ आल्या. त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. काचेवरून हात फिरवला. वरून खाली, मग या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हणाल्या, "अगं, याचं तोंड कुठे आहे?"



५ मार्च, मंगळवार

टुंई. कशालाही हात लावा, टुंई. चालू केलं, टुंई. बंद केलं, टुंई. चुकलं तरी टुंईच!

७ मार्च, गुरुवार

डोळे गेले तरी घरातलं धुणं सासूबाईंचंच होतं. जुन्या मशीनच्या नॉबला त्या "कान" म्हणायच्या. "चार वेळा कान पिळला की रोजचे कपडे, सात वेळा पिळला की चादरी." प्रत्येक फिरवण्याला टक्कन आवाज व्हायचा आणि बोटालाही कळायचा. टक, टक, टक, टक, आणि आत ढकललं की सुरू. झालं. माझी मदत लागली नाही कधी.

आज त्यांनी नव्या मशीनवर प्रयत्न केला. बोटं कोरडी, सुरकुतलेली. काच दाद देईना. दोनदा दाबलं, चारदा दाबलं. मग जे लागलं ते भलतंच लागलं. माझा लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यातून निघाला तो बाहुलीला होईल एवढा!

स्वेटर गेला त्याचं काही नाही. पण त्या हातात धरून चाचपत होत्या, किती आटलाय ते. म्हणाल्या, "मला ओळखतच नाही गं ते." आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. दिवसभर बसून होत्या, हात मांडीवर ठेवून. त्या अशा बसलेल्या मला बघवत नाहीत.

नाही. हे मशीन असं दुकानात जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.

संध्याकाळी म्हणाल्या, "धाकटीला फोन लावून देतेस?" धाकटी म्हणजे त्यांची बहीण, आमच्या मावशी. लावते म्हटलं, जरा थांबा. मग टिपणं लिहीत बसले ते राहूनच गेलं. नवरोबांनी मोबाइलच्या काचेवर मावशींचा फोटो लावून दिलाय, त्यावर बोट ठेवलं की फोन लागतो. ज्याला फोटो दिसतो त्याचा लागतो!

१० मार्च, रविवार

सुट्टी. घरातल्या वस्तूंकडे बघत हिंडले. नवरोबा म्हणाले, "काही हरवलंय का?" हो म्हटलं, अक्कल. तुमची नाही, जगाची.

कात्री बघा. एक डोळा लहान, एक मोठा. कुठे अंगठा आणि कुठे बाकीची बोटं, हे सांगायला कधी कुणाला पुस्तिका लागली? दाराची कडी बघा. बादलीची मूठ बघा. ज्याने कुणी केली त्याने आधी स्वतःच्या हाताकडे नीट बघितलं होतं.

आणि आमचा बोलका दिवा! नवरोबांचा लाडका. "दिवा लाव" असं तीनदा म्हणायचं, ते पण गोड आवाजात. परवा मी शिंकले तर निळा झाला. काल इंटरनेट गेलं तेव्हा तासभर अंधारात बसलो, चांगल्या धडधाकट दिव्याखाली. साध्या खटक्याला काय झालं होतं? "तू जुन्या वळणाची आहेस," म्हणतात. आहेच. वळणच आहे, वाकडेपणा नाही.

टीव्हीच्या रिमोटला सेहेचाळीस बटणं. त्यातली चार घासून गुळगुळीत झालीत, बाकीची कोरी करकरीत आहेत. कंपनीवाल्यांनी कधी कुणाच्या घरी जाऊन तो जुना रिमोट हातात धरून बघितला, तर सगळं कळेल. बघत नाहीत.

टेबलावरच्या त्या गेलेल्या फोनला पाचाच्या बटणावर एक बारीकशी पुळी होती. ती फार आवडायची मला. एवढीशी पुळी, पण तिच्यावरून बाकीचे सगळे आकडे न बघता सापडायचे. ज्याने पहिल्यांदा ती लावली असेल त्याचे पाय धरावेत.

माझा नियम साधा आहे. वस्तू वापरणाऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण तोंड मिटून बसायचं. तो अडला की विचारायचं, काय हवं होतं तुम्हाला? बाकी सगळी अक्कल त्यानंतर. हे मी दर नव्या माणसाला शिकवते.

१३ मार्च, बुधवार

गुळगुळीतसमोर बसले आज. हे आमच्या डिझाइन विभागाचे साहेब. नाव मीच ठेवलंय, अर्थात पाठीमागे. त्यांना जगात काहीही वर आलेलं चालत नाही. टेबलावर पेनसुद्धा नसतं.

मी म्हटलं, नॉब परत बसवा.

"मॅडम, नॉब म्हणजे जुनाट दिसतं. त्यात मळ साचतो. काच कशी, पुसायला सोपी."

"साहेब, लोक मशीन पुसायला घेतात की कपडे धुवायला?"

हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मग सासूबाईंचं सांगितलं. कोरडी बोटं, स्वेटर, सगळं. मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "अशा लोकांसाठी तर तुम्ही आहात! तुमची पुस्तिका असली की सगळं निभतं. छान सोपं लिहून द्या."

अशा लोकांसाठी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तिका! नाकाने कांदे सोलायला यांचा हात कुणी धरायचा नाही. उठून आले. दारही जरा जोरातच लागलं. दाराला सुदैवाने अजून मूठ आहे.

१८ मार्च, सोमवार

पाना आज जे बोलला ते डोक्यातून जात नाही.

पाना म्हणजे दुरुस्ती विभागातला कारागीर. खिशात कायम पाना असतो म्हणून पाना. वीस वर्षांची ओळख. त्याच्यापाशी मी गुळगुळीतच्या नावाने खडे फोडत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, रागावू नका. पण हे सगळं तुमच्यामुळे चालतं."

"माझ्यामुळे?"

"ती दोन बटणं एकदम दाबायची इस्त्री आठवते? भिकार वस्तू. पण तुम्ही असं चित्र काढून असं लिहून दिलंत की तक्रारच आली नाही. तक्रार नाही म्हणजे वस्तू चांगली, असं वर समजले. पुढची तीन मॉडेलं तशीच निघाली. मिक्सरच्या झाकणाचं तेच. पंख्याचं तेच. वस्तू उसवते आणि तुम्ही सुंदर ठिगळ लावता."

मी भडकले. म्हटलं, तुला काय कळतं लिहिण्यातलं! तरातरा निघून आले. बसमध्ये बसल्यावर एकेक आठवू लागलं. इस्त्री. मिक्सर. पंखा. तो हीटर, ज्याला चालू करायला एकवीस पायऱ्या होत्या आणि मी त्या नऊवर आणल्या. माझा सत्कार झाला होता त्यासाठी! शाल अजून कपाटात आहे.

लाज वाटली. खरंच वाटली. सत्तावीस वर्षं मी स्वतःला वापरणाऱ्यांची वकील समजत होते. आणि काम करत होते दुसऱ्या बाजूचं.

बस्स. ठिगळ बंद.

२२ मार्च, शुक्रवार

सासूबाईंनी काय केलंय ते लिहितानाही हसू येतंय!

कामावरून आले तर मशीन सुरू. मी नाही लावलं, नवरोबा तर घरातच नव्हते. जवळ जाऊन बघते तर काचेवर बटणं! शर्टाची, झग्याची, त्यांच्या डब्यातली. चपला चिकटवायच्या गोंदाने चिकटवलेली. चालू करायच्या जागेखाली मोठं, रोजच्या कपड्यांखाली चार भोकांचं, चादरींखाली दोन भोकांचं. शेजारी वाटीत पाणी, बोट ओलं करायला, म्हणजे काच दाद देते. कुठे काय आहे ते शेजारच्या शिक्षिकेकडून एकदा दाखवून घेतलं म्हणे. मला का नाही विचारलं? "तू दमून येतेस."

ऐंशी वर्षांच्या बाईने चपलेच्या गोंदाने केलं ते आमच्या अख्ख्या विभागाला जमलं नाही! मी त्यांना मिठीच मारली. "अगं, पडेन!" म्हणाल्या. पण खूश होत्या. या चार दिवसांत त्यांनी फोन लावून दे म्हणून पिरपिरही केली नाही. कामात जीव रमला की माणूस असा बदलतो. मी म्हणत होते तेच!

उत्साहाच्या भरात सगळीकडे गोंद सांडलाय मात्र. ओट्यावर, खुर्चीवर. मोबाइलच्या काचेवरही एक चिकटलं होतं — कोटाचं जाड काळं बटण. गोंद धरतो का ते बघायला लावलं असणार. नखाने खरवडून काढलं, काच पुसून लखलखीत केली. केर भरताना तेही गेलं.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मोबाइल पुसलास का गं?"

"हो, अगदी स्वच्छ केला."

"बरं."

२७ मार्च, बुधवार

माझ्यासारखी मूर्ख मीच. हात दाखवून अवलक्षण!

बटणांचं मी ऑफिसात सांगितलं. वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. गुळगुळीत खुर्चीतून उठला. आनंदाने! "म्हणजे लोक मार्ग काढतातच ना मॅडम! आपण यावर व्हिडिओ करू. आजींची युक्ती! आणि प्रत्येक खोक्यात चार चिकटबटणं फुकट देऊ."

पानाने माझ्याकडे बघितलं.  

आधी माझं ठिगळ, आता सासूबाईंचं. आम्ही दोघी मिळून यांची पापं झाकायची!

संध्याकाळी फोनचं परत सुरू झालं. "धाकटीला लावतेस?" लावून दिला. त्या बोलत होत्या तेवढ्यात मला विक्री विभागाचा फोन आला, माझा मोबाइल मध्येच बंद पडला आणि कागदावरचा एक नंबर मला त्यांच्याच मोबाइलवरून कळवायचा होता. म्हटलं, आई, आवरा जरा. आवरलं त्यांनी.

१ एप्रिल, सोमवार

सासूबाईंना व्हिडिओचं सांगितलं. वाटलं, नको म्हणतील. मी त्यांच्या वतीने भांडायला तयारच होते.

"येऊ दे की त्यांना," म्हणाल्या. "साहेबांनाही बोलव. म्हणावं, पांढरा कोट घालून या."

४ एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही!

अकराला सगळे आले. कॅमेरावाला, दिवेवाली आणि पांढऱ्या कोटात गुळगुळीत. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून मशीनपाशी उभ्या. "आजी, आता बटणाला हात लावा आणि हसा," कॅमेरावाला म्हणाला.

सासूबाईंनी हात लावला, आणि बटण उपटलं. टक्. दुसरं. टक्. तिन्ही उपटली, मुठीत घेतली.

"साहेब," म्हणाल्या, "या इकडे. डोळे मिटा. मिटले? आता तुमचा कोट यात घाला आणि धुवायला लावा. तुमचंच मशीन आहे, तुम्हाला येत असेल."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? घातला कोट. दार लावलं. डोळे मिटून काच चाचपायला लागले. टुंई. टुंई. टुंई-टुंई. कॅमेरा चालूच! मग मशीनने धप्पकन कुलूप लावून घेतलं आणि पाणी भरायला लागलं. गुळगुळीतने डोळे उघडले. काचेवर आकडा — दोन तास चाळीस मिनिटं. लहान मुलांनी छेडू नये म्हणून असतं ते कुलूपही लागलं होतं. ते काढायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी तोंड मिटून बसले. माझा नियमच आहे तो.

"माझ्या गाडीची किल्ली कोटात आहे!"

"असू दे हो, स्वच्छ निघेल," सासूबाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

शेवटी पाना आला. यायला त्याने दीड तास लावला, एरवी पंधरा मिनिटांत येतो! मशीन उघडून कोट काढला. किल्ली तेव्हापासून काही बोलत नाही म्हणे.

व्हिडिओ अर्थातच रद्द. गुळगुळीत जाताना म्हणाला, "मंगळवारपर्यंत पुस्तिका टेबलावर पाहिजे. नेहमीसारखी."

९ एप्रिल, मंगळवार

दिली पुस्तिका. एक पान. सबंध मजकूर इथे उतरवते —

"हे मशीन कसं वापरावं : घरातल्या चांगल्या नजरेच्या, ओलसर बोटांच्या, न विसरणाऱ्या माणसाला हाक मारावी. तसं माणूस नसल्यास कपडे हाताने धुवावेत. हे मशीन वापरणं तुम्हाला अवघड गेलं तर चूक तुमची नाही."

खाली माझी सही. गुळगुळीतच्या ट्रेमध्ये ठेवली आणि घरी आले. उद्या आरडाओरडा होईल. होऊ दे. नोकरी गेली तर जाऊ दे. नवरोबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या बोलक्या दिव्याचंही लिही ना काहीतरी." पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलले.

१२ एप्रिल, शुक्रवार

काहीच नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी बोलावलं नाही.

उलट गुळगुळीत जिन्यात भेटला तर म्हणाला, "पुस्तिका मिळाली, छान!"

छान?

१३ मे, सोमवार

वाचलीच नव्हती!

कुणीच वाचली नव्हती. गुळगुळीतने न बघता सही केली. छपाईवाल्याने माझी म्हणून डोळे झाकून छापली. खोक्यात घालणाऱ्यांनी घातली. सत्तावीस वर्षांत माझ्या पुस्तिकेत चूक निघाली नाही, म्हणून आता ती कुणी बघतच नाही! पहिल्या दोन हजार खोक्यांत माझं पान गेलं. दुकानांत, लोकांच्या घरी.

आज सकाळपासून तक्रारीचे फोन थांबत नाहीत. पाना जिन्यात बसून डोळे पुसत होता, हसून हसून. एका आजोबांनी विचारलं म्हणे, "ते ओलसर बोटांचं माणूस मशीनबरोबर येतं की वेगळं घ्यावं लागतं?" एक बाई नुसती रडली. म्हणाली, "चूक तुमची नाही असं मला पहिल्यांदाच कुठल्या मशीनने सांगितलं."

मला हसू आलं नाही. 

कंपनीच्या मालकीणबाईंनी परवा बोलावलंय.

१५ मे, बुधवार

मोठी खोली, लांब टेबल, टेबलावर माझं पान. मालकीणबाई सत्तरीच्या आहेत. फार बोलत नाहीत. गुळगुळीत बाजूला, घामाने ओलसर झालेला. तसं माणूस सापडलं एकदाचं!

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. सही आहे."

"का?"

"खोटं काय आहे त्यात ते सांगा. मी सुधारून देते."

 मग सगळं सांगितलं. जुना नॉब, चार टक, सात टक, सासूबाईंचे मांडीवर ठेवलेले हात. इस्त्रीचंही सांगितलं. म्हटलं, "तेव्हा मी चुकले. चांगलं लिहून वाईट वस्तू खपवली. आता नाही लिहिणार. वस्तूत नीट करा. कागदावर नाही."

बाई उठल्या. कोपऱ्यात मशीन होतं, त्यापाशी गेल्या, चष्मा काढला. काचेवर बोटं फिरवली. बराच वेळ. टुंई. टुंई. 

"माझ्या घरी हे कामवाली लावते," म्हणाल्या. "मी कधी हात लावला नव्हता."

चष्मा परत लावला. "पुढच्या खेपेला नॉब. आणि तुम्ही, मॅडम, कंपनीचं हसं केलंत. पुस्तिका आता दुसरं कुणी लिहील. सोमवारपासून तुम्ही तक्रारीच्या फोनवर बसायचं."

शिक्षा म्हणून दिली. घेतली! ताठ मानेने घेतली. नॉब येतोय! घरी येऊन ओरडतच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "शाबास गं पोरी." जन्मात पहिल्यांदा पोरी म्हणाल्या.

२३ मे, गुरुवार

दिवसभर कानाला फोन. अनोळखी माणसं, त्यांची गाऱ्हाणी. सगळ्यांचं ऐकते. नीट, शेवटपर्यंत. मनापासून आवडतंय हे काम! ही कसली शिक्षा? एक बाई तर तक्रार संपल्यावरही पाऊण तास बोलत होती. एकटी असते. बोलू दिलं.

पण घरी आल्यावर फोनचं नावसुद्धा नको वाटतं. सासूबाईंनी विचारलं, "आज लावतेस का धाकटीला?" म्हटलं, आई, आज नको, कान दुखतोय. रविवारी लावू.

"बरं," म्हणाल्या.

२ जून, रविवार

पाहुणे. राहिलं.

१४ जून, शुक्रवार

आला!

पाना स्वतः घेऊन आला. नॉब बसवलेला पहिला नमुना, दुकानाच्याही आधी आमच्याकडे. काच अर्धीच ठेवलीय, मधोमध नॉब. मुठीत मावेल एवढा, कडेला खाचा, आणि वर एक उंचवटा, म्हणजे बाण कुठे आहे ते बोटाला कळतं. तो उंचवटा पानाने स्वतः घासून बसवलाय.

सासूबाईंचा हात धरून नेला. त्यांनी चाचपला. फिरवला. टक, टक, टक, टक.

"चार," म्हणाल्या.

आणखी तीन. टक, टक, टक. "सात. चादरी."

पानाच्या डोळ्यांत पाणी आलं, मला तर धार लागली. नवरोबा दिव्याला म्हणाले, "दिवा लाव," तो लागला नाही, आणि आम्ही सगळे हसलो. जिंकलो आपण! एका नॉबसाठी सव्वातीन महिने. कुणी वेडी म्हणो. मला विचाराल तर परत भांडेन. परत एकच पान लिहीन. आणि या वेळी अक्षर मोठं काढीन.

१७ जून, सोमवार

सकाळी सासूबाईंनी धुणं लावलं. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. विचारलं, "आई, आता सगळं मनासारखं झालं ना?"

"झालं की. छान आहे. पण धुणं काय गं, ते कुणीही धुवील." मग म्हणाल्या, "तू एवढी भांडत होतीस, मध्ये कुठे बोलू? मोबाइलवर मी कोटाचं बटण लावलं होतं ना, ते धाकटीचं होतं. चार दिवस माझी मी फोन लावला तिला. मग तू पुसलास."

बटणांचा डबा उपडा करून बसले आहे. तसं जाड काळं बटण एकच होतं.